पदराखालचे हात

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी अंगणात पेरू निवडत बसले होते. मोठे एका क्रेटमध्ये, बारके दुसऱ्यात, डागी बाजूला. ‘मावशी, आई गेली,’ ती म्हणाली. मी ‘बरं’ म्हणाले. म्हणजे आपण ‘बरं’ म्हणालो हे मला नंतर कळलं… असं काय म्हणायचं असतं का अशा वेळी? पण तोंडातून तेच गेलं, आणि पलीकडून तीही ‘बरं, ठेवते’ म्हणाली. हातातला पेरू तसाच हातात राहिला. मोठ्यांत टाकायचा की बारक्यांत, काही केल्या ठरेना. सूनबाई आतून येऊन म्हणाली, ‘काय झालं आत्या?’ तेव्हा मी म्हणाले, ‘जळोचीला जायाचंय. सुजाता गेली.’ तोंडानं म्हटल्यावर मग ते खरं झालं.

सुजाता म्हणजे माझी मैत्रीण. एवढं लिहिलं तरी माझ्यापुरतं पुरे आहे, पण वाचणाऱ्यांना ती कोण हे कळायला पाहिजे. ती बारामतीजवळच्या एका शाळेत ग्रंथपाल होती, मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत. दोघीही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मी काही फार शिकलेली बाई नव्हे. मॅट्रिक झाले, लग्न होऊन कळसला आले, शाळेत ग्रंथालयाच्या कामाला लागले, आणि पुढं जे काही आलं ते पुस्तकं झाडता झाडता आलं. तिचंही थोडंफार तसंच. तिच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरात एकच धोशा, पोरींनी शिकायचं. त्या घरातली पगाराची नोकरी करणारी ती पहिली बाई. आता लोकांना वाटतं, शाळेतल्या ग्रंथपालाकडं नुसती पुस्तकं असतात. तसं नसतं. टीव्ही आला, टेप आला, माईकचा संच आला, पुढं प्रोजेक्टर आला… जे म्हणून वायरचं आलं ते ‘ग्रंथालयात ठेवा’ म्हणून आमच्याच गळ्यात. आणि ठेवायचं म्हणजे कपाटात, कुलपात. खराब होईल म्हणून वापरायचं नाही, आणि वापरलं नाही म्हणून खराब झालं की भंगारात काढायचं, असा तो सगळा कारभार. सुजातानं आयुष्यभर काय केलं, असं कुणी विचारलं तर मी सांगीन, तिनं ती कपाटं उघडी ठेवली.

आमची ओळख बारामतीला ग्रंथपालांच्या एका प्रशिक्षणात झाली. शेवटच्या बाकावर ती, शेजारी मी. मी आपली बोलतेय, बसमध्ये काय झालं, पोराला ताप कसा आलाय, सासूबाई काय म्हणाल्या. तिनं बराच वेळ ऐकून घेतलं आणि एकदम मान वळवून विचारलं, ‘बाई, तुमी श्वास कवा घेता?’ मला इतकं हसू आलं की पुढं उभे असलेले साहेब थांबले. त्याच साहेबांनी शेवटी सांगितलं की शाळेतल्या दृक्‌श्राव्य साधनांची देखभाल ही ग्रंथपालाची जबाबदारी आहे. सगळा वर्ग हसला. कारण साधनं आमच्या नावावर असली तरी कपाटाची किल्ली आमच्यातल्या कुणाकडंच नव्हती. ती असायची ऑफिसातल्या भाऊसाहेबांकडं. आमच्याकडं शाळेच्या क्लार्कला भाऊसाहेबच म्हणतात, त्याचं नाव काही का असेना.

सुजाताच्या शाळेतले भाऊसाहेब जरा कडकच होते. टीव्हीला त्यांनी झालर लावलेलं कव्हर शिवून घेतलं होतं. पंधरा ऑगस्टला ते कव्हर निघायचं, संध्याकाळी परत चढायचं. बिघाड झाला की बारामतीहून मिस्त्री यायचा आणि टेबलावर टीव्ही उघडून बसायचा. सुजाता जवळ गेली की भाऊसाहेब म्हणायचे, ‘बाई, लांबूनच बघा. हात मागं.’ बाईमाणूस म्हणून म्हणायचे की आणखी कशासाठी, ते तिनं कधी विचारलं नाही आणि मलाही कधी विचारू दिलं नाही. ती हात पदराखाली घेऊन उभी राहायची आणि बघायची. मिस्त्री बोलका होता. ‘ही वायर अशी का, ही काच पुसायची कशानं, टेपच्या हेडला कापूस कसा लावायचा, स्पिरिट किती घ्यायचं,’ सगळं आपल्याशीच बडबडत काम करायचा. ते ऐकत ती कित्येक वर्षं उभी राहिली. हात मात्र मागंच.

मग भाऊसाहेबांचे डोळे गेले. म्हणजे अगदी गेले नाहीत, पण मोतीबिंदू पिकला आणि ऑपरेशनला माणूस घाबरत होता. मिस्त्री गाव सोडून गेलेला. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी माईक बोलेना, तेव्हा त्यांनी हाक मारली, ‘बाई, जरा या. मला स्क्रू दिसंना. तुमीच करा हे.’ तुम्हाला वाटेल, आता तिनं पदर खोचला असेल आणि एका झटक्यात माईक चालू करून दाखवला असेल. मी तर तसंच केलं असतं, वर दोन शब्द ऐकवले असते. ती गेली, त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली, हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, ‘करा तुमी. मी सांगते कुठं ते.’ आणि त्या माणसानं चाचपडत चाचपडत, तिच्या सांगण्यावर, पिनच्या आत तुटलेली तार काढली, नवी पिळून बसवली. माईक बोलला. मी तिला नंतर म्हणाले होते, ‘अगं, तुला राग न्हाय आला एवढी वर्षं?’ ती म्हणाली, ‘आला की. रोज यायचा. घरी नेऊन भाकरीच्या पिठावर काढायचे.’ आणि वर, ‘पण डोळं गेलं व्हतं त्याचं, हात चांगलं व्हतं. चांगलं हात कशाला काढून घ्यायचं माणसाचं?’

तिची सगळी पद्धत तिथून निघाली. निवृत्त झाल्यावर ती गप्प बसेना. शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटली की दुपारी कुठल्या ना कुठल्या शाळेत जायचं, तिथल्या ग्रंथपालाला, किंवा ज्या कुणाकडं ग्रंथालय असेल त्या बाईंना, सरांना साधं साधं शिकवायचं, असं तिनं सुरू केलं. वायर गुंडाळायची कशी, म्हणजे तुटणार नाही. प्रोजेक्टरची काच पुसायची कशानं. स्पीकर घूं घूं करतो तो का. आणि आपल्याला कळत नाही ते कुठलं, म्हणजे आतलं कव्हर उघडायचंच नाही, विजेचा धक्का बसतो, तिथं मिस्त्रीच बोलवायचा. मला तिनं बरोबर घेतलं, कारण, तिच्याच शब्दात, ‘तू बोलत राहा, तवर त्यांची भीती मोडती.’ मी कळसहून एसटीनं यायची, ती जळोचीहून. मधेच कुठंतरी स्टँडवर भेटायचो, चहा व्हायचा, आणि पुढं निघायचो. गेल्यावर ती मशीनसमोर खुर्ची टाकून बसणार, हात पदराखाली, आणि शेवटपर्यंत ते हात बाहेर येणार नाहीत. समोरची पोरगी गोंधळलेली, पिन उलटी घालतेय, स्क्रू हरवतेय, आणि ही आपली शांत. माझा जीव खालीवर व्हायचा. ‘दे इकडं, मी करते,’ म्हणून मी पुढं झाले की पदराखालून तिचा कोपर माझ्या बरगडीत बसलाच. काही शाळांतून लोक म्हणायचे सुद्धा, ‘त्या बाईंना स्वतःला काय येत न्हाय, नुसत्या सांगत्यात.’ तिच्या कानावर आलं तर ती म्हणायची, ‘बरंय. माझी वाट बघत बसणार न्हाईत मग.’

असं वाटून घेऊ नका की तिचं सगळं बरोबरच यायचं. एकदा एका शाळेत अँप्लिफायर मुका झाला होता. आमच्या बाईसाहेबांनी तिथल्या सरांना सगळ्या पिना उपसायला लावल्या, फ्यूज बदलायला लावला, वायरी एकेक करून तपासून झाल्या. घामाघूम झाले बिचारे. शेवटी शाळेतल्या मावशी झाडू घेऊन आल्या, म्हणाल्या, ‘कपाटामागचं बटण मी सकाळी बंद केलंय, झाडताना पाय लागत व्हता.’ मी तर भिंतीला धरून हसले. सुजाता मात्र गंभीरपणानं सरांना म्हणाली, ‘सर, लक्षात ठेवा. पहिलं बटण बघायचं.’ तेव्हापासून कुठंही गेलो की तिचं पहिलं वाक्य तेच. आणि मी शेजारून पुस्ती जोडायची, ‘हे यांनी अभ्यास करून शोधलंय.’

आणि कुंकवाचं तर सांगायलाच पाहिजे. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं, औजारं, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, सगळ्याची पूजा होते. शाळेत प्रोजेक्टरचीही होते, का होणार नाही? एका शाळेत पूजेला बसलेल्या बाईंनी मोठ्या भक्तीनं प्रोजेक्टरच्या डोळ्यालाच, म्हणजे पुढच्या काचेलाच, ओलं हळदकुंकू लावलं. ते वाळलं. त्यानंतर दिवाळीची सुट्टी झाली, शाळा भरली, आणि पडद्यावर जे येईल त्याच्या कपाळी तांबडा डाग. हिमालयाला कुंकू, बेडकाच्या पचनसंस्थेला कुंकू. पोरं खूश. मुख्याध्यापकांनी मशीन बिघडलं म्हणून कपाटात घातलं आणि कुलूप लावलं. आम्ही गेलो तेव्हा त्या बाई रडकुंडीला आलेल्या. मला भीती, की सुजाता काय बोलते, कारण तिच्या घरी पूजाअर्चा काही नाही. ती म्हणाली, ‘बाई, पूजा करा. पण त्याच्या डोळ्यात कुंकू घालू नका, खाली पाटाला लावा.’ मग मऊ सुती फडकं, त्यावर काच पुसायचं पाणी नुसतं वास येण्यापुरतं, आणि मधून बाहेर गोल गोल… त्या बाईंच्याच हातून. काच निघाली स्वच्छ. कुलपाची किल्ली त्या दिवशी त्या बाईंच्या पर्समध्ये गेली ती परत ऑफिसात आली नाही.

पण या सगळ्यात तिची एक खोड होती, जिनं मला फार दमवलं. प्रोजेक्टर बंद केला की दिवा विझतो, पण आतला पंखा चालू राहतो. दिवा तापलेला असतो, त्याला निवायला वेळ लागतो. आपली माणसं काय करतात, पडदा काळा झाला की बंद झालं म्हणून भिंतीतली पिन ओढतात. वीज वाचली म्हणून खूश. आणि आत तो दिवा गरम फुफाट्यात राहतो, असं दोन-चारदा झालं की जातो. म्हणून सुजाता काय करायची, सगळं आवरून झालं, पोरं गेली, सरांनी किल्ल्या वाजवायला सुरुवात केली, तरी ही खुर्चीवर बसूनच. पंख्याचा आवाज ऐकत. मी म्हणायची, ‘अगं गाडी जाईल.’ ‘जाऊ दे. पुढची हाय.’ ‘त्यो काय लहान लेकरू हाय व्हय, त्याच्याजवळ बसून राहायला? होईल की बंद आपोआप.’ त्यावर ती म्हणायची, ‘आपण उठलो की कुणीतरी पिन वढतंय, माले. बसायला लागतंय.’ मग मीही बसायची. एवढी बोलकी बाई मी, पण त्या घूं घूं आवाजापुढं मलाही काही सुचायचं नाही. किती गाड्या चुकवल्या असतील आम्ही तशा, कोण मोजत बसलंय. आवाज बारीक होत होत बंद पडला की ती उठायची, म्हणायची, ‘झालं.’ आणि मग पिन काढायला तिथल्या बाईंना सांगायची.

शेवटची दोनेक वर्षं तिच्या हाताला कंप सुटला होता. हे फक्त मला ठाऊक होतं, कारण स्टँडवर चहा घेताना तिचा कप मी धरायची. शाळांतून कुणाच्या लक्षातच आलं नाही. येणार कसं, तिचे हात कुणी बघितलेलेच नव्हते. ती पहिल्यासारखीच येऊन बसायची, पदराखाली हात, आणि सांगायची. मी एकदा म्हणाले, ‘आता पुरे कर. मलाबी झेपत न्हाय. गुडघं बोलत्यात माझं.’ तर म्हणाली, ‘तुझं गुडघं तरी गप बसू देत, तू हायेसच बोलायला.’ असं काहीतरी बोलून विषय मोडायची. मग एके दिवशी स्टँडवर आलीच नाही. घरात पडली होती. तिथून पुढं तिचं बाहेर पडणं संपलं.

जळोचीला मी शेवटची गेले तेव्हा ती कॉटवर पडून होती. प्रज्ञा तिला वरणभात भरवत होती. मला बघून प्रज्ञा चहा टाकायला उठली. तेव्हा बघितलं मी, की सुजाताचे दोन्ही हात गोधडीवर, उघडे. इतक्या वर्षांत असे उघडे पडलेले हात मी तिचे पहिल्यांदा बघितले. हलत होते सारखे, वाऱ्यावर पान हलावं तसे. मी ते माझ्या हातात धरले, तरी थांबेनात. आमच्या बोलण्यात फार काही नव्हतं. कुठल्या बाईंची बदली झाली, कुठल्या शाळेत ग्रंथपालाची जागाच भरली नाही, भूगोलाच्या सरांकडं चार्ज दिलाय वगैरे. मग ती म्हणाली, ‘माले, कपाटं परत बंद व्हतील बघ.’ मी म्हणाले, ‘व्हऊ देत. तू झोप.’ तिनं डोळे मिटले. मला वाटलं, लागला डोळा. तर तसेच मिटलेल्या डोळ्यांनी म्हणाली, ‘व्हऊ देत म्हणू नको.’ चहा आला, मी तो बशीत ओतून प्यायले, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. नंतर तिची नि माझी भेट झाली नाही.

तिच्या जलदान विधीला, म्हणजे त्यांच्याकडच्या दिवसकार्याला, माणसं खूप आली होती. अंगणात मांडव, पांढऱ्या साड्यांची गर्दी. वंदना सुरू झाली आणि माईकनं जी शिट्टी मारायला सुरुवात केली… कान बंद करायला लागावं अशी. माईक स्पीकरच्या तोंडासमोर ठेवला होता, दुसरं काही नाही. स्पीकर जरा पुढं सरकवला असता तर भागलं असतं. एवढं तर तिनं शेकडो जणांना शिकवलेलं. मी इकडंतिकडं बघितलं. ज्यांना तिनं शिकवलं त्यातल्या कितीतरी जणी समोर बसलेल्या. कुणी उठलं नाही. प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं, मीही उठले नाही. उठायचं बळच नव्हतं माझ्यात त्या दिवशी. शेवटी मांडववाल्यानं आवाज इतका बारीक केला की पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. भन्तेजी बोलत होते, ओठ हलताना दिसत होते फक्त. मी मनात म्हणाले, सुजाता, झालं बघ. पहिलं कपाट तुझ्याच दारात बंद झालं.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले विचारू नका. काही बिघडलेलं नव्हतं माझं, पण सकाळी उठलं की वाटायचं, आत्ताच तर झोपले होते. शनिवार आला की पाय एसटीकडं वळायचे आणि अर्ध्या रस्त्यातून परत यायचे. दोन-तीन शाळांतून फोन आले. मी सगळ्यांना एकच सांगितलं, ‘माझं आता फिरणं व्हत न्हाय.’ खोटं नव्हतं ते. सून म्हणाली, ‘आत्या, चांगलं केलं, आता आराम करा.’ आराम करायचा म्हणजे काय करायचं असतं, ते मला माहीत नाही. पेरू निवडायचे, आणि काय.

मग निरवांगीहून अश्विनीचा फोन आला. ही तिकडच्या एका शाळेत मराठी शिकवते, ग्रंथालयाचा चार्ज वरून दिलेला. मागं एकदाच आम्ही तिच्याकडं गेलो होतो. माईकच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं आणि ही ते पाण्यानं धुवायला निघाली होती. सुजाता त्या वेळी तिला ओरडली होती, मला आठवतंय, कारण सुजाता ओरडायची नाही फारशी.

‘काकू, बाई गेल्याचं उशिरा कळलं,’ ती म्हणाली. ‘येता आलं न्हाय.’

‘असू दे गं.’

‘काकू, प्रोजेक्टर लावला की थोड्या वेळानं आपोआप बंद पडतोय. लाल दिवा लुकलुक करतोय. सर म्हणत्यात, नवीन मोठा टीव्ही येणारच हाय, हे घाला कपाटात आन्‌ कुलूप लावा. तुमी याल का शनिवारी?’

‘न्हाय गं बाय. गुडघं गेल्यात माझं.’

‘बरं,’ ती म्हणाली. ‘मग घालते कपाटात.’

रागानं नाही म्हणाली. अगदी सरळ म्हणाली, जशी मी प्रज्ञाला ‘बरं’ म्हणाले होते तशी. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘घालू नको.’

‘मग?’

मग काय, ते मलाही माहीत नव्हतं. मी म्हणाले, ‘फोन मोठ्या आवाजावर टाक आन्‌ टेबलावर ठेव. दोन्ही हात मोकळं पायजेत तुझं.’ मीही माझा फोन स्टुलावर ठेवला आणि समोर बसले. ‘पहिलं काय बघायचं?’

‘बटण,’ अश्विनी म्हणाली, आणि हसली. मीही हसले असेन.

‘आता पिन काढ. गार हाय का मशीन?’

‘गारच हाय. सकाळपासनं लावलंच न्हाय.’

‘बाजूला बारीक जाळी दिसंल. तिचं झाकण सरकव.’

‘सरकंना काकू.’

आणि काय सांगू, माझा हात इथं कळसला, अंगणात, हवेत पुढं गेला. ‘दे इकडं,’ हे शब्द दाताशी आले होते. कोपर मारायला शेजारी कुणी नव्हतं. मी हात परत घेतले आणि पदराखाली घातले. ‘जोर करू नको,’ मी म्हणाले. ‘एखादी खिट्टी असंल. अंगठ्यानं दाब, मग वढ. वेळ लागू दे.’

तिकडं खुडखुड आवाज. लांब पोरांचा गलका. बराच वेळ. मी बोलले नाही, खरं सांगते.

‘निघालं,’ अश्विनी म्हणाली. ‘काकू, ह्ये काय हाय? काळी गोधडीच बसल्यागत हाय.’

मला बघायची गरज नव्हती. गळीत हंगाम चालू आहे. उसाचे फड पेटवतात, त्याची काजळी सगळीकडं उडते, दोरीवरच्या कपड्यांवर पडते, भाकरीवर पडते. वर उसाच्या ट्रॉल्यांचा फुफाटा. तेच त्या जाळीत बसलेलं. मशीनला श्वास घेता येईना, तापतंय, म्हणून बंद पडतंय. सुजाता दरवर्षी या दिवसांत सगळ्यांना जाळ्या झाडायला सांगायची. यंदा सांगणारं कुणी नव्हतं. ‘बाहेर ने, हळू झटक,’ मी म्हणाले. ‘मऊ ब्रश हाय का?’

‘पोरांचा रंगाचा हाय. कोरडा हाय, इचारायच्या आधीच सांगते. पाणी लावत न्हाय मी. बाई वरडल्या व्हत्या.’

‘ध्यानात हाय व्हय तुझ्या?’

‘तेवढंच तर ध्यानात हाय.’

झाडून झालं, जाळी परत बसली, झाकण बसलं. पिन लावली, दिवा लागला. मग वाट बघत बसलो दोघी, ती तिकडं, मी इकडं. ती मला माझ्या गुडघ्यांचं विचारत होती, मी तिला तिच्या लेकीचं. तिची लेक पहिलीला आहे, आणि डबा खात नाही. मधेच ती म्हणाली, ‘काकू, मगाचची बंद पडायची वेळ टळून गेली की. लाल दिवाबी न्हाय.’

‘मग आता कर बंद.’

‘केला.’

मी सांगायला तोंड उघडलं, की पिन ओढू नको. पण तिच्याकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. ‘मी बसलेय काकू,’ ती म्हणाली. ‘तुमी ठेवा हवं तर.’

‘नको. राहू दे चालू.’

 फोनमधून तो पंखा ऐकू येत होता… तोच घूं घूं आवाज, कितीतरी गाड्या चुकवून ऐकलेला. सूनबाई आतून आली, मी फोनसमोर नुसती बसलेली बघून काही न विचारता परत गेली. आवाज बारीक होत गेला. अजून बारीक. मग राहिला.

‘झालं,’ अश्विनी म्हणाली. ‘काढते पिन. टेबलावरच ठेवते, सोमवारी लावायचाय पोरांना.’

‘ठेव,’ मी म्हणाले.

तिनं फोन बंद केला. समोर पेरूचे क्रेट तसेच पडले होते, अर्धे निवडलेले. हात अजून पदराखालीच आहेत, हे मला बऱ्याच वेळानं कळलं.